अभ्यासिकेसाठी लॅन केबल: कॅट ५ई, ६, ६ए की ७? दुकानागणिक आकडा बदलते राजेहो!

अभ्यासिकावाला
नमस्कार मंडळी. गाव दारव्हा तालुक्यात. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीत दोन खोल्या मिळाल्या, तिथं गावातल्या पोरापोरींसाठी अभ्यासिका सुरू केली. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी असे मिळून तीसेक जण रोज बसतात. एका भल्या माणसानं वापरलेले १२ कॉम्प्युटर दिले. सराव परीक्षा ऑनलाइन असतात. वायफायवर बाराही मशीन लावल्या की सगळ्याच लटकतात, म्हणून वायर ओढायचं ठरलं.

तालुक्याला गेलो. पहिल्या दुकानात कॅट ६ चा ३०५ मीटरचा डबा २,९०० ला. दुसऱ्या दुकानात तेच नाव, तेवढेच मीटर, भाव ९,८००. तिसरा म्हणाला, ५ई पुरे, कशाला पैसे घालता. चौथ्यानं कॅट ७ दाखवली, रिबिनीसारखी चपटी, अन् वर "इंटरनॅशनल माल आहे भाऊ". वर्गणीचे पैसे आहेत, हिशेब फळ्यावर लिहावा लागतो. शेवटी मी २,९०० चा एक डबा घेऊन आलो, पण अजून उघडला नाही.

अंतरं अशी: खोलीच्या आत सगळ्यात लांबचा टेबल ३५ मीटर. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात फायबर आलेलं आहे, तिथून अभ्यासिका चौक ओलांडून ७० मीटर. तिथं मागच्या वर्षी एका पोरानं केबल टाकून दिली होती, ती चालते, फक्त दुपारी मान टाकते. पुढं शाळेलाही जोडायचं आहे, ते १४० मीटर पडेल. या आकड्यांचा अर्थ काय, ते कोणी साध्या भाषेत सांगेल का?

क्रिम्पर
पुसदला हेच काम करतो. कॅट म्हणजे कॅटेगरी, अन् आकडा म्हणजे ती केबल किती मेगाहर्ट्झपर्यंत सिग्नल नीट नेते त्याची पायरी. ५ई ला १०० मेगाहर्ट्झ, ६ ला २५०, ६ए ला ५००. तुमच्या भाषेत: ५ई वर १ गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) १०० मीटर जाते. ६ वर १० गिगाबिट जाते, पण ५५ मीटरपर्यंतच. ६ए वर तेच १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर. अभ्यासिकेला चांगली ५ई पण पुरते. नवीनच टाकताय तर ६ टाका. ६ए जाड असते, पाइपात ओढताना घाम काढते, तिच्या नादी लागू नका.

हाओ_ना
कॅट म्हणजे मांजर. उंदरानं कुरतडू नये म्हणून घेतात. माह्या घरी कॅट ६ हाय, तरी उंदरानं खाल्ली.

एल्बेकाठ
मी सध्या हॅम्बुर्गला असतो (मूळ वणीचा). इथे नव्या घरांत भिंतीत सर्रास कॅट ७ असते. माझ्या घरीही तीच आहे. एकदाच खर्च करायचा तर वरचंच का घेऊ नये? कॅट ८ सुद्धा मिळते आता.

क्रिम्पर
@एल्बेकाठ दादा, तुमच्या भिंतीतली केबल खरी असेल, पण टोकाला सॉकेट कोणतं आहे ते पाहा. बहुतेक ६ए चंच निघेल. कॅट ७ आयएसओच्या मानकात आहे, ६०० मेगाहर्ट्झची, पण तिच्यासाठी जीजी-४५ किंवा टेरा नावाचे वेगळे कनेक्टर धरले होते. अमेरिकेत मानकं ठरवणाऱ्या टीआयए संस्थेनं तर ती पायरी मान्यच केली नाही, ते ६ए वरून सरळ ८ वर गेले. आपला नेहमीचा लॅनचा प्लग, आरजे-४५, लावला की कॅट ७ चा रुबाब तिथंच संपला. आणि दारव्ह्यातली ती चपटी रिबीन कॅट ७ असेल तर मी जिल्हाधिकारी.

कॅट ८ म्हणाल तर २००० मेगाहर्ट्झ, २५ आणि ४० गिगाबिट, पण फक्त ३० मीटर. सर्व्हरच्या कपाटांसाठी आहे ती.

हाओ_ना
३० मीटर? आमच्या घरापासून कोठा याहून लांब हाय. ढोराईले नेट काहून नाई द्याचं?

सेवाकेंद्र_ताई
माझा एक बावळट प्रश्न. माझ्या केंद्रात कनेक्शन ४० एमबीपीएसचं आहे. जुनी केबल काढून कॅट ६ टाकली तर स्पीड वाढेल का? एक जण ३,००० मागतोय "स्पीडवाली वायर" टाकायचे.

भौतिकचे_सर
ताई, विहिरीत हातभर पाणी असेल तर दोन इंचाचा पाइप काढून सहा इंचाचा टाकल्यानं पाणी वाढतं का? ५ई मध्ये ४० एमबीपीएस आरामात मावतं. तीन हजार वाचवा.

मात्र एक गोष्ट तपासा. संगणकावर लिंक १ गिगाबिट दाखवते की १०० मेगाबिट, ते पाहा. मोठं कनेक्शन असूनही स्पीड ९४-९५ लाच अडकला तर समजायचं की केबलच्या आत तारांच्या चार जोड्या असतात, त्यातली एखादी तुटली आहे किंवा नीट दाबली गेलेली नाही. १०० मेगाबिटला दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. एक तार सुटली की बरीच यंत्रं मुकाट्यानं खाली उतरतात, तक्रार करत नाहीत.

तारवाले_काका
मी टेलिफोन खात्यातून निवृत्त. चाळीस वर्षं तारांतच गेली, म्हणून थोडं लांबण लावतो.

सगळे मेगाहर्ट्झ सांगताहेत, पण ते येतात कुठून? पिळातून. आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या: केशरी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. ही युक्ती ग्रॅहॅम बेलची, १८८१ सालचं पेटंट आहे. बाहेरचा गोंगाट, म्हणजे शेजारची लाइटची लाइन, मोटर, पंखा, पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच बसतो. पलीकडचं यंत्र दोन तारांतला फरक तेवढा वाचतं. ताजव्याच्या दोन्ही पारड्यांत सारखाच खडा पडला तर काटा हलत नाही, तसं. आमच्या वेळी खांबांवरच्या उघड्या तारासुद्धा ठराविक खांबांनंतर आम्ही जागा बदलून घेत असू. कारण हेच.

आता गंमत पुढे आहे. चारही जोड्यांना सारखाच पीळ दिला तर त्या एकमेकींशी कुजबुजायला लागतील. म्हणून प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा. डब्यातली वीतभर केबल कापा, वरची साल काढा आणि मोजून पाहा: एका जोडीचे वेढे जास्त, दुसरीचे कमी. पायरी जितकी वरची तितका पीळ घट्ट आणि मापात. कॅट ६ मध्ये बहुधा मधोमध प्लास्टिकची अधिकच्या चिन्हासारखी पट्टी असते, ती जोड्यांना लांब ठेवते. तेव्हा कॅट ६ म्हणजे "जास्त वेगाची तार" नव्हे, जास्त काटेकोर वळलेली तार. टोकाला अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उकलला की तुमची महागडी केबल तेवढ्या जागेत साधी तार झाली.

शुद्धलेखन_पुणे
उत्तम माहिती. एक शंका: काहीजण "केबल तुटला" लिहितात, काहीजण "तुटली". केबल स्त्रीलिंगीच आहे ना?

हाओ_ना
ताई, आमच्याकडं वायर तुटला म्हणतात. तुमच्याकडं तुटली. नेट दोन्हीकडं जाते.

पांढरं_सोनं
हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाचं काम पाहतो. मूळ प्रश्नाकडे येतो, कारण २,९०० ऐकूनच मला आमचे दिवस आठवले.

आम्ही गेल्या हंगामाआधी १४ कॅमेरे बसवले. गेट, धरमकाटा, गंज्या, प्रेस. ठेकेदारानं कॅट ६ छापलेली केबल टाकली. कॅमेऱ्यांना वीजही त्याच केबलमधून. जवळचे कॅमेरे मस्त. गंजीच्या मागचे तीन, ८० मीटरवरचे, दिवसा चालायचे आणि अंधार पडला की बंद. आम्ही म्हटलं चोरांनी काही केलं का काय. शेवटी कळलं: अंधारात कॅमेऱ्याचे लाल दिवे लागतात, त्याला जास्त वीज लागते, अन् केबल तेवढी पोचवत नाही. कापून पाहिली. वरून तांब्याचा रंग, ब्लेडनं खरवडलं तर आत पांढरीफटक! ॲल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. याला सीसीए म्हणतात. बदलायचा खर्च आमच्याच बोडख्यावर बसला, वर सरकीच्या ढिगाऱ्यातून केबल उपसायची मजुरी वेगळी.

तुमचा डबा आधी काट्यावर ठेवा.

भौतिकचे_सर
काट्याची सूचना फार चांगली. त्याला गणित जोडतो. ३०५ मीटरच्या डब्यात आठ तारा, म्हणजे २,४४० मीटर तार. २३ गेजची तार सुमारे ०.५७ मिमी जाड, तेव्हा निव्वळ तांबंच साडेपाच किलोच्या वर भरतं. २४ गेजची असेल तर साडेचार किलो. त्यावर प्लास्टिक, साल, खोका. मुलाम्याच्या ॲल्युमिनियमचं वजन मात्र जेमतेम दोन किलो. अख्खा डबा सहा किलोच्या आत भरला तर आत तांबं नाही, हे न उघडता सांगता येतं.

दुसरी परीक्षा मल्टिमीटरची. एका टोकाला एका जोडीच्या दोन्ही तारा जोडा, दुसऱ्या टोकाला रोध मोजा. २४ गेजच्या तांब्याचा पूर्ण डबा ५१-५२ ओहम दाखवेल. ॲल्युमिनियमवाला ८० च्या आसपास जाईल. मानकांत सीसीएला कॅट ५ई, ६, कशातच जागा नाही. पिळ कितीही झकास असो, ती कॅट ६ नव्हेच.

हाओ_ना
सुंभ जळला तरी पीळ जात नाई म्हणतात. या मालात सुंभ बी जाते अन् पीळ बी.

संत्राबाग
वरुड. तुम्ही सगळे पीळ मोजत बसले, कोणी ईज मोजली का?

दोन वर्षांखाली घरापासून बागेतल्या पंपाच्या खोलीपर्यंत ८५ मीटर कॅट ६ टाकली, अस्सल तांब्याची, काळ्या सालीची बाहेरची. मृगाचा पहिला पाऊस. ईज घरावर पडली नाही, धुऱ्यावरच्या बाभळीवर पडली. तरी स्विच (म्हणजे नेटच्या केबलचे फाटे करणारा डबा), रेकॉर्डर, दोन कॅमेरे, अन् घरातल्या टीव्हीचा एक डबा, सगळे एका दमात खलास. स्विच उघडला तर आतली चिप काळी ठिक्कर, वास दोन दिवस गेला नाही. केबलले काहीच झालं नव्हतं! अस्सल होती ना, तिनं ईज पण अस्सल पोचवली.

तेव्हापासून एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत तांबं नेत नाही. फायबर. काचेतून ईज जात नाही.

अभ्यासिकावाला
@संत्राबाग भाऊ, घाबरवून टाकलं. पण शील्डवाली, म्हणजे आत धातूची पन्नी गुंडाळलेली केबल असते ना, तिनं वाचत नाही का? दुकानदार म्हणे एफटीपी घ्या, विजेचं टेन्शन नाही.

तारवाले_काका
शील्ड गोंगाटासाठी असते, विजेसाठी नव्हे. तीही नीट अर्थिंग केली तरच. आपल्याकडच्या जुन्या इमारतीत अर्थिंग म्हणजे भिंतीतल्या खिळ्याला गुंडाळलेली तार. अशा ठिकाणी शील्ड अँटेनासारखी वागते, गोंगाट कमी करायच्या ऐवजी गोळा करते. दोन इमारतींच्या अर्थमध्ये फरक असला तर त्या शील्डमधून विनाकारण करंट फिरतो तो वेगळाच. तुम्हाला साधी बिनशील्डची यूटीपी बरी. आणि चौक ओलांडायला संत्राबाग म्हणतात ते शंभर टक्के बरोबर.

क्रिम्पर
शाळेचे १४० मीटर तसेही तांब्यावर बसत नाहीत. १०० मीटरची हद्द आहे, त्यातले ९० भिंतीतले आणि १० दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डचे, म्हणजे यंत्राला जोडायच्या छोट्या केबलचे. मधात स्विच लावून वाढवता येते, पण त्या स्विचला चौकात लाइट कुठून देणार? फायबरच टाका. दोन कोअरची सिंगल मोड ड्रॉप केबल, दोन्हीकडं मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा सिग्नल लॅन केबलवर आणणारा डबा. एक लक्षात ठेवा: काही ड्रॉप केबलच्या कडेला ताणासाठी स्टीलची तार असते. मग ईज पुन्हा आलीच घरात. बिनधातूची मागा, एफआरपीवाली (स्टीलऐवजी तंतू घातलेल्या प्लास्टिकची काडी असते ती). नाहीतर ती स्टीलची तार बाहेरच खांबावर बांधून कापून टाका.

सेवाकेंद्र_ताई
आमच्याकडे विजेपेक्षा वानरं जास्त. टोळी आली की केबलवर झोका घेतातच. भावानं शेवटी केबल पाइपातून नेली तर आता पाइपावर झोका घेतात.

पांढरं_सोनं
ताई, पाइप घातलाच आहे तर त्यातून लाइटची वायर नेऊ नका. आमच्या ठेकेदारानं तेपण केलं होतं. २३० व्होल्ट आणि लॅन एका पाइपात, "जागा होती म्हणून".

भौतिकचे_सर
मला अजून पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य टोचतंय, कोणी विचारलं कसं नाही? "दुपारी मान टाकते." @अभ्यासिकावाला, ती ७० मीटरची केबल कशावरून गेली आहे?

अभ्यासिकावाला
सर, निम्मी टिनाच्या छपरावरून. सकाळी अकरापर्यंत ठीक, मग चार-साडेचारपर्यंत तुटत तुटत चालते, संध्याकाळी पुन्हा ठीक. आम्हाला वाटायचं, दुपारी गावातले सगळे मोबाइल पाहतात म्हणून.

भौतिकचे_सर
मे महिन्यात, टिनावर. हवा ४५ अंश असेल तर टिनाला हात लावून दाखवा. तांबं तापलं की सिग्नल जास्त गळतो: २० अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के, ४० च्या वर गेलं की ०.६ टक्के. पण ७० मीटरची चांगली केबल एवढ्यानं मरायला नको, तिच्याकडे शिल्लक असते. म्हणजे ती आधीच काठावर चालते आहे. दुपार फक्त ढकलते.

क्रिम्पर
सर, मी सांगू काठावर काहून आहे? @अभ्यासिकावाला भाऊ, त्या केबलच्या टोकाच्या प्लगचा फोटो टाका. नाहीतर प्लगची खिटी खाली करून डावीकडून रंग वाचा.

अभ्यासिकावाला
आत्ताच बॅटरी घेऊन पाहून आलो. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्हीकडं हेच. टेस्टरवर आठही दिवे ओळीनं लागतात, मी तेव्हाच पाहिलं होतं.

क्रिम्पर
सापडलं!!! दिवे लागणारच. टेस्टर फक्त एवढंच पाहते की इकडची १ नंबर तार तिकडं १ नंबरले पोचली का. ती कोणासोबत पिळलेली आहे, ते त्याले दिसत नाही.

यंत्र जोड्या धरते त्या १-२, ३-६, ४-५ आणि ७-८. बरोबर क्रम: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. म्हणजे हिरव्याची जोडी निळ्याले मधात घेऊन बसते. तुमच्या पोरानं डोळ्याले बरं दिसते म्हणून ओळीनं लावले. आता तुमच्या ३ वर पांढरा-हिरवा अन् ६ वर निळा. दोघं एका सिग्नलचे, पण पीळ वेगवेगळा. काकांचा ताजवा आठवा, एक पारडं इकडं, दुसरं भलतीकडंच.

मी पण पहिल्या वर्षी एका शाळेत २० पॉइंट असेच केले होते. सगळे पुन्हा कापले, संध्याकाळी गुरुजींनी चहा पाजला, पैसे नाही दिले.

तारवाले_काका
याला स्प्लिट पेअर म्हणतात. शाब्बास पोरा.

एल्बेकाठ
रात्री उठून माझ्या भिंतीतलं सॉकेट उघडलं. ६ए छापलेलं आहे. क्रिम्पर, जिल्हाधिकारीपदाचा विषय तूर्त तहकूब.

अभ्यासिकावाला
दहा दिवसांनी लिहितोय, माफ करा. क्रमानं सांगतो.

१) जुन्या केबलची दोन्ही टोकं कापून क्रिम्परभाऊंच्या क्रमानं नवे प्लग मारले. चाळीस रुपयांचं काम. लिंक १०० वरून १००० वर गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मुद्दाम जाऊन बसलो, बारा मशीन चालू, एकदाही तुटली नाही. केबल ५ई च निघाली, खरवडली तर आतपर्यंत लाल.

२) २,९०० चा डबा किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला: ५ किलो ८०० ग्रॅम. मल्टिमीटरवर ८३ ओहम. दुकानदाराला सांगितलं तर म्हणे, "भाऊ, कॅट ६ मागितली, कॅट ६ दिली, तांबं कुठं मागितलं?" परत घेत नाही.

३) आतल्या खोल्यांसाठी ९,८०० चीच घ्यावी लागली. डबा ११ किलो भरला. फळ्यावर दोन्ही डब्यांचे भाव आणि वजनं लिहिली आहेत, पहिल्या डब्यासमोर माझं नाव. ते २,९०० मी भरले.

४) चौकातून फायबर मिरगाच्या आधी टाकून घेतलं, बिनधातूचं. छपरावरची जुनी काढली. शाळेचं पेरण्या झाल्यावर, कारण खड्डे खोदायला आत्ता माणूस मिळत नाही.

संत्राबाग
बेस केलं भाऊ. काल आमच्याकडं रात्रभर कडाडत होतं, मी निवांत झोपलो.

सेवाकेंद्र_ताई
माझ्याकडेही तो "स्पीडवाली वायर"वाला पुन्हा आला होता. मी म्हटलं, आधी डबा काट्यावर ठेव. मोबाइल आल्याचं सांगून गेला तो गेलाच.

पांढरं_सोनं
त्या ८३ ओहमवाल्या डब्याचं काय करणार?

अभ्यासिकावाला
आईनं मागून घेतला. परसात कारल्याचा मांडव घालते आहे, सुतळीपेक्षा टिकेल म्हणते.

हाओ_ना
कारलं किती मेगाहर्ट्झचं येते ते कळवा.

शुद्धलेखन_पुणे
सगळं वाचलं, छान झालं. फक्त फायबर "टाकलं", "टाकला" की "टाकली"?